वाईटपणा

शिंप्याला धाकट्या भावाला नाही म्हणणं कधी जमलंच नव्हतं. भावाच्या बुडालेल्या दोन्ही दुकानांचे पैसे अजून शिंप्याच्याच क्रेडिट कार्डावर थकलेले होते आणि आता तिसऱ्या दुकानासाठी भाऊ समोर बसला होता. “दादा, कार्डाचं लिमिट वाढवून माग ना.” शिंप्याने निर्धास्तपणे स्पीकर लावून बँकेला फोन केला. एवढी थकबाकी बघून बँकच नकार देईल, वाईटपणा आपल्याकडे येणार नाही. पण पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, तुम्ही व्याज वेळेवर भरता. लिमिट दुप्पट करू?” भावाचा चेहरा खुलला. शिंप्याने गळ्यातली टेप काढून बोटांभोवती सावकाश गुंडाळली. “नको, ताई,” म्हणत त्याने फोन बंद केला. “दादा, बँक तर हो म्हणाली!” “म्हणू दे बँकेला. मी नाही म्हणतोय.” आपला आवाज इतका शांत निघाल्याचं त्यालाच नवल वाटलं.