साध्या कपड्यातला साहेब

पंच्याहत्तर सालची गोष्ट. सोलापुरात गिरणीच्या फाटकासमोर बिरप्पाची खानावळ होती. पाण्याचे सगळे पेले तो दिवसभर एकाच बादलीत बुचकळायचा. एकदा त्याची बायको म्हाळसाबाई बाजारातून बातमी घेऊन आली, की खानावळी तपासणारा नवा साहेब म्हणे साधे कपडे घालून, गिऱ्हाईक होऊन जेवायला बसतो.

त्या दिवसापासून बिरप्पाला प्रत्येक अनोळखी माणसात साहेब दिसू लागला. पेले कढत पाण्यातून निघू लागले, शेंगाचटणीच्या बरणीवर झाकण आलं. खांद्यावर घोंगडं टाकून आलेल्या एका मेंढपाळालाही त्यानं "बसा साहेब" म्हणत बाकडं पुसून दिलं.

वर्षभरानं खरा इन्स्पेक्टर आला, तोही काखेत वही मारून, शिपायाला घेऊन. कोपरा न् कोपरा बघून खूश झाला. बिरप्पाची छाती फुगली. "आदी वेश पालटून कितींदा येऊन गेला, साहेब?" एवढं विचारून, उत्तराची वाट न बघता तो चहा सांगायला बाहेर पळाला.

इन्स्पेक्टर चुलीपाशी बसलेल्या म्हाळसाबाईकडे वळला. "वेश पालटून? अहो बाई, आमच्यात तसं कुणीच येत नाही. हे यांना सांगितलं कुणी?"

म्हाळसाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.



"मीच की! पर त्यास्नी कळू देऊ नगा, साहेब. बारा वर्सं माजं ऐकलं न्हाई, वर्सभर तुमचं ऐकत्यात."