दुंडाप्पांची खोली

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलाखाली तापाने फणफणत पडलेल्या दुंडाप्पांना बेघरांच्या निवाऱ्यात आणलं, तेव्हा तिथलं सगळं बघणाऱ्या अनुसूया अक्कांनी विचारलं, "अण्णा, घरी कुणाला कळवू?"

"मला कुणी नाही," ते म्हणाले.

ताप उतरला. निवाऱ्यातच हळूहळू दारूही सुटली. निपाणीत पंचवीस वर्षं शिवणकाम केलेल्या हातांची थरथर थांबली, तशी अक्कांनी त्यांच्यासाठी बसवनगुडीतल्या एका टेलरकडे शब्द टाकला. तिथे सहा महिने नेटाने काम केल्यावर दुंडाप्पांनी जवळच एक खोली भाड्याने घेतली.

निवारा सोडायच्या सकाळी ते अक्कांना म्हणाले, "स्वल्प, जरा फोन देता का? मुलीला लावायचाय." नंबर त्यांना तोंडपाठ होता.

अक्का बघतच राहिल्या. "मुलगी आहे तुम्हाला? मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तेव्हा कळवलं असतं, तर बिचारी रडत रडत मला न्यायला आली असती." दुंडाप्पांनी डोळे पुसले. "आता माहेरी येईल."