शून्याची रेघ

"यात आपलं गाव कुठंय?" सरपंच चंपाकाकूंनी विचारलं.

बियाणं संशोधन संस्थेच्या पाटणकर मॅडमनी पारावर मोठ्या थाटात पडदा उभा केला होता. देशभरातले ज्वारीचे सगळे प्रयोग त्यावर एकत्र दिसत होते. प्रत्येक गावाचा एक हिरवा ठिपका. मधल्या उभ्या रेघेपासून तो जितका उजवीकडे, तितकं नव्या बियाण्याचं पीक जास्त.

"तुमचं गाव म्हणजे ही रेघ," मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "जुन्या बियाण्यावर आता तुम्हीच उरलात. सगळ्यांची तुलना तुमच्याशी होते."

"रेघ काय तव्यावर भाजून खायची? यंदा कणसं भरलीच नाहीत, मॅडम. पोरं एक वेळ जेवतात. आम्हालाही ते बियाणं द्या."

"मग पुसा ती रेघ. बोट फिरवून बघा."

काकूंनी बोट फिरवलं. रेघ गेली आणि तिच्यासोबत सगळे ठिपकेही गेले. पडदा पांढराफटक पडला.

"बघितलंत? तुम्हाला बियाणं दिलं, तर कुणाचंच काही कळणार नाही." मॅडमनी रेघ परत आणली.

काकूंची भाची पौर्णिमा पुढे सरकली आणि तिने पडद्यावर बोट सरकवून गेल्या वर्षीचं चित्र आणलं. मग पुन्हा यंदाचं. यंदा सगळे ठिपके आणखी उजवीकडे गेले होते.

"एका वर्षात त्यांचं पीक एवढं वाढलं?"

"त्यांचं होतं तेवढंच आहे गं," पडदा गुंडाळत मॅडम म्हणाल्या. "तुमचं घटलं ना, म्हणून ते पुढे दिसतात. यंदाच्या चित्राला तर बक्षीस मिळालं."