मालकाचं नाव

जनावरांच्या डॉक्टरांनी पाखऱ्याचा उजवा खांदा दाबला. पाखऱ्या हूं की चूं करेना. डोळ्यांत पाणी आलं ते गोरखच्या.

पाखऱ्या शर्यतीचा बैल. गेल्या आठवड्यात जत्रेच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पहिला आला आणि तेव्हापासून जरा लंगडत होता. मग काय, हळदीचा लेप झाला, रोज चार अंडी झाली, दूध झालं, बसायला कोरडं पाचट झालं. घरच्यांनी गोठ्यात चपला काढून यायचं, एवढंच बाकी राहिलं होतं.

गोठ्याच्या दारात गोरखची मुलगी स्नेहल उभी होती. वय तेरा. उजवा हात तिनं डाव्या हातानं धरला होता. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात चेंडू टाकायचं काम तिचं. तिचं एकटीचं, कारण दुसरी मुलगी तयार करायला सावळेराम सरांना सवड नव्हती. रोजचे दोनशे चेंडू. सामने असले की सकाळी एक, दुपारी एक. खांदा दुखतो म्हणून तिनं दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. सर म्हणाले, "अगं, आपण चेंडू खालून टाकतो. त्यानं खांदा दुखतच न्हाई." तिच्या आप्पांनी, म्हणजे गोरखनं, तर वादच मिटवला. "नावातच सॉफ्ट हाय. मऊ चेंडूनं कुनाचा हात गेलाय व्हय?" एवढ्या दोन जाणकारांचं एकमत झाल्यावर खांद्याला सुजायचं काही कारण नव्हतं. तो अडाणी. सुजला.

आज सर मुद्दाम लोणीला घरी आले होते. उद्या जिल्ह्याची फायनल. जीप सकाळी सहाला निघणार, हे सांगायला.

"महिनाभर पळवू नका," डॉक्टर गोरखला म्हणाले. "अजून कोवळा आहे. हाडं भरायच्या आत ताण दिलात तर जन्माचा अधू होईल."

"महिना काय, दोन महिने बसवतो," गोरख पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "मुकं जनावर हाय. त्याला सांगता येत न्हाई. आपुनच वळखायचं."

सरांनीही मान डोलावली. मुक्या जनावरांविषयी त्यांना फार कळवळा.

स्नेहलला बोलता येत होतं, तेच तिचं चुकलं होतं. ती तरातरा आत आली आणि बैलाच्या शेजारी उभी राहिली.

"डॉक्टर, माझाबी खांदा बघा."

गोरख हसला. सर त्याहून मोठ्यानं हसले. डॉक्टर काही हसले नाहीत. त्यांनी हात धुतले, तिचा खांदा बोटांनी चाचपला आणि हात वर करायला सांगितला. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. स्नेहल कळवळली.

"किती दिवस टाकतेय ही अशी?" डॉक्टरांनी विचारलं. सर घड्याळ बघू लागले. "उद्याच मंचरला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर चेंडूला हात लावायचा नाही."

गोरखचं तोंड उतरलं. पोरीकडं बघायचं सोडून तो पाखऱ्याकडं बघत राहिला.

"आवो, पन उद्या फायनल हाय!" सर म्हणाले. "असं तोंडी चालत न्हाई शाळेत. लेखी लागतं."

"लेखी देतो की. पण मी पडलो गुरांचा डॉक्टर, माझ्याकडं कागदही गुरांचेच." डॉक्टरांनी पिशवीतून छापील वही काढली. वय लिहिलं, दुखणं लिहिलं, 'पूर्ण विश्रांती' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग सवयीनं विचारलं, "मालकाचं नाव?"

"गोरख..." गोरख स्वतःचं नाव सांगू लागला.

"शाळेचं घाला, शाळेचं," सर घाईनं म्हणाले.

दोघंही एक-एक पाऊल पुढं सरकले होते.

स्नेहलनं डॉक्टरांच्या हातातलं पेन घेतलं. उजवा हात साथ देईना, म्हणून डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत, तिनं त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद फाडून सरांच्या हातात दिला.