चाळीस मैलांवरचा दवाखाना

"सरका जरा, अबुसा," ती म्हणाली आणि पाळक लुसुंगू न्यिरेन्डाच्या शेजारी बाकावर टेकली.

लुसुंगूने टोपी आणखी खाली ओढली. उपयोग नव्हता. अबुसा, म्हणजे पाळक, अशी हाक मारणारी ओळखीचीच असणार. ती न्यागोंद्वे होती, त्याच्याच चर्चच्या मंडळीतली, गायनाची पुढारी. गावापासून चाळीस मैलांवर, मनाच्या डॉक्टरच्या दारात ओळखीचं कुणी भेटणार नाही, म्हणून तर तो पहिल्या मिनीबसने इथे आला होता.

त्याला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. गेले सात महिने त्याला काहीच वाटत नव्हतं. घरात कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. तो लग्नं लावत होता, माती देत होता, उपदेश करत होता. लोक रडत. तो त्यांच्या डोक्यावर हात ठेवी, आणि तो हात त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटे. एकदा तिवोंगे, त्याची बायको, भाजीत मीठ घालायला विसरली. त्याने मक्याच्या घट्ट न्सिमाबरोबर ती मुकाट संपवली. रडली तीच.

"दवाखान्यात जा," ती म्हणाली, "नाहीतर मी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना सांगते."

लुसुंगूने न्यागोंद्वेला विचारलं, "कुणाला घेऊन आलात?"

"मलाच. दर महिन्याला येते. पाच वर्षं झाली." तिने लुगड्याच्या गाठीतून दवाखान्याचं मळकं कार्ड काढून दाखवलं.

तो कार्डाकडे बघत राहिला. पाच वर्षांपूर्वी ही बाई डोक्यातल्या आवाजांशी भांडत बाजारभर फिरायची. त्याने तीन दिवस उपास करून तिच्यासाठी प्रार्थना केली आणि ती सुधारली. तिची साक्ष ऐकायला लांबलांबून लोक आले. तिच्यामुळेच त्याचं नाव झालं. पुढे कित्येकांनी भर उपासनेत आपल्या गोळ्या व्यासपीठाच्या पायरीवर टाकल्या. त्याने कुणाला अडवलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही माझ्या प्रार्थनेने बऱ्या नाही झालात?"

"झाले की! तिसऱ्या दिवशी डोक्यातली बडबड घटकाभर थांबली. तेवढ्यात मी बस गाठली. एरवी चढले असते होय?"

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगायलाच आले होते. तोवर तुम्ही एका रात्रीत बरी झाली म्हणून जाहीर करून मोकळे! पाळकाला चारचौघांत खोटं कोण पाडणार? लोकांनी टाळ्या वाजवल्या." ती थांबली. "मीही वाजवल्या."

बाहेर कुणीतरी भाजलेली कणसं विकत होतं.

"माझा विश्वास कमी पडला म्हणतील," तो शेवटी म्हणाला.

"म्हणू देत. देव काय नुसत्या आत्म्याचाच धनी आहे? हे डोकंही त्यानेच घडवलंय ना? मग ते दुखलं तर त्याच्यापासून कशाला लपवायचं?"

न विचारताच तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, टोपीसकट. "प्रभू, ह्यांचा आत्मा तुझ्यापाशी आहेच. आता मनाचं आणि देहाचंही बघ. आमेन."

त्याला काही वाटलं नाही. आकाश फाटलं नाही, डोळे भरले नाहीत. पण तिने हात उचलला तेव्हा डोकं एकदम उघडं पडल्यासारखं झालं.

नर्स वही घेऊन दारात आली. "पुढचं कोण? नाव सांगा."

येताना बसमध्ये त्याने दुसरंच एक नाव ठरवून ठेवलं होतं. ते ओठांवर आलंही. तो उभा राहिला. टोपी काढली.

"अबुसा लुसुंगू न्यिरेन्डा," तो म्हणाला. आवाज उपदेशाचा होता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

मागे बाक करकरला. त्याने वळून पाहिलं. भिंतीलगतच्या बाकावर एका माणसाने तोंडापुढचं वर्तमानपत्र हळूच खाली केलं. त्याच्या पलीकडे एका बाईने चेहऱ्यावर ओढलेलं फडकं मागे सारलं. मग आणखी एकीने. तिघंही त्याच्याच मंडळीतली होती.