गेल्या वर्षीचे बूट

‘दुसरीच्या लेकीवर डोळा ठेवशील तर कुठल्याच पोरीचं दुखणं तुला दिसायचं नाही,’ आई म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. काल बुटांच्या दुकानात माझ्या लेकीला पुन्हा एक नंबर मोठा लागला. जाऊबाई हसल्या. ‘पाय आहेत की वल्ही? आमची बघ, गेल्या वर्षीच्याच बुटांत मावते. मुलीच्या जातीने किती वाढायचं!’ पुतणी शहाण्यासारखी उभी होती. मला नेहमीसारखा हेवा वाटला. असं गुणी लेकरू यांच्याच पदरात का? त्या गल्ल्याकडे वळल्या, तशी त्यांची थाप पकडायला मी पुतणीचा बूट ओढून काढला. नंबर खरंच लहान होता. पाय मावायला तिने आतलं अस्तर सोलून टाकलं होतं आणि मोजा रक्ताने बोटांना चिकटला होता. तिने माझा हात धरला. ‘काकू, आईला सांगू नकोस. ती सगळ्यांना माझंच कौतुक सांगते.’

ते बूट मी तिला पुन्हा घालू दिले नाहीत आणि जाऊबाईंना जागच्या जागी सांगितलंही. तरी मेलं मन कुरकुरलंच: माझीने माझ्यासाठी एवढं सोसलं असतं का? तुमच्याही घरात, शेजारात अशी एखादी असेल, जिचं उदाहरण देऊन तुम्ही आपल्या पोरीला घालूनपाडून बोलता. तिच्याकडे आजच जाऊन या. ‘काही दुखतंय का गं?’ असं विचारू नका, ती ‘नाही’च म्हणेल. खाली बसा आणि तिच्या बुटांच्या नाड्या स्वतः सोडा.