बिनफोडणीचं वरण

कालिंदीने ऑफिसात डबा उघडला, तर वरणाला फोडणीच नव्हती. तिच्या घरी असं वरण फक्त सुतकात व्हायचं. तिने घाबरून घरी फोन लावला.

"बाबा रविवारी गेले गं," आई थकून म्हणाली. "रोज दुपारी हेच विचारतेस."

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी ऑफिसच्या खुर्चीत बसलं की संगणकावरचा एडिटर अर्धवट राहिलेल्या फायली जिथल्या तिथे उघडायचा आणि कपाळाला लावायची ऑफिसची पट्टी मनही त्याच वेळचं लावून द्यायची, मधलं सगळं विसरायला व्हायचं. तिचं जतन केलेलं सेशन अजून शनिवारचंच होतं. तिने तडक सेटिंग्ज उघडली.

सुपरवायझर चुरी धावत आले. "मॅडम, शनिवारचं मी मुद्दाम ठेवलंय. आजचं मन जतन केलंत तर कामात लक्ष लागेल का? तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"बाप माझा गेलाय, चुरीसाहेब. मी रडायचं कधी, ते तुम्ही ठरवणार?"

तिने शनिवार पुसून टाकला आणि आजचा दिवस जतन केला.

दुसऱ्या दिवशी पट्टी लागताच तिचे डोळे वाहू लागले. चुरींच्या देखत, डोळे न पुसता तिने कालची फाइल पुढे तपासायला घेतली. दुपारी डबा उघडला आणि कुणालाही काही न विचारता वरण भातावर ओतलं.